जेवणाआधीचे आभार

उन्हाळा लागून आठवडाही झाला नव्हता. रविवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो, माझ्या वडिलांनी डोळे मिटून देवाचे आभार मानायला सुरुवात केली, आणि त्यांचं मानून व्हायच्या आत मी त्यांच्या कानाखाली मारली. त्यांचं वय एकोणऐंशी, माझं सत्तेचाळीस. टेबलाशी चौघं होतो: अण्णा, म्हणजे माझे वडील, आई, मी, आणि माझी अकरा वर्षांची मुलगी, जिला लहानपणापासून आम्ही मुंगी म्हणतो. बायको रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला आहे, रविवारी तिची पाळी असते. खिडक्या वर्षात पहिल्यांदाच सताड उघड्या टाकल्या होत्या, बाहेरच्या झाडाला नवी पानं फुटून ती अजून ओली असल्यासारखी चकाकत होती, कापलेलं कलिंगड मध्ये ठेवलेलं होतं. अण्णा म्हणत होते, देवा, सगळ्यांना पोटभर दिलंस, तुझे आभार. नात हुशार दिलीस, तुझे आभार. मग थोडं थांबून, आवाजात एक मऊपणा आणून ते म्हणाले, "आणि या घरात कधी कुणी कुणावर हात उगारला नाही, त्याबद्दल तुझे विशेष आभार."

विशेष. तो शब्द माझ्या कानात शिरला आणि पुढचं मी ठरवून केलं असं म्हणता येणार नाही, पण नकळत झालं असंही मी म्हणणार नाही. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज मला ऐकू आला. मी उठलो, टेबलाला वळसा घातला, म्हणजे तीन पावलं चाललो, आणि तीन पावलं पुरेशी असतात, माणूस तेवढ्यात थांबू शकतो. त्यांचे डोळे अजून मिटलेले होते. चेहऱ्यावर समाधान होतं. मी उघड्या पंजाने, खांद्यापासून, पूर्ण ताकदीने मारलं. चष्मा उडून कलिंगडात पडला. वरची कवळी ओठांतून अर्धी बाहेर आली. मान एका बाजूला गेली आणि तशीच राहिली, त्यांना ती सरळ करायची असते हे आठवत नसल्यासारखी. आणि मला बरं वाटलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. तळहात चुरचुरत होता आणि त्या चुरचुरीत सुख होतं. तहानेने जीव कासावीस झालेल्या माणसाला पहिला घोट मिळावा तसं ते घशातून खाली उतरत गेलं, आणि माझा हात दुसऱ्या घोटासाठी परत वर गेला होता.

अण्णा टपाल खात्यात पत्रं वेगळी करायचे. हजारो पत्त्यांमधून बोटं फिरवून प्रत्येक पाकीट बरोबर खणात टाकायचे, घाणेरडं अक्षरसुद्धा त्यांना लागायचं, आणि पत्ता अर्धवट असला तर घरी जाता जाता स्वतः चौकशी करून पोचवायचे. सगळे त्यांना देवमाणूस म्हणायचे. आमच्या गल्लीत त्यांनी कुणाला अरे-तुरे केल्याचं कुणाला आठवणार नाही. घरात आले की ते आधी चपला सरळ रेषेत ठेवत, मग खिडकी लावून घेत. खिडकी लागली की आईच्या हालचाली हळू होत. कारण काहीही चालायचं. दूध उतू गेलं, शर्टाचं बटण सैल राहिलं, मी वहीवर शाई सांडली. त्यांच्याकडे एक पितळी पट्टी होती, ऑफिसातली, कडा झिजून धारदार झालेली. ती ते आडवी नाही, उभी मारायचे. मांडीवर, पोटरीवर, कपड्याखाली झाकलं जाईल तिथे. ओरडायचे नाहीत. दात आवळून, पत्ते वाचताना वाचायचे तसं पुटपुटत मारायचे, आणि झालं की पट्टी पुसून जागेवर ठेवायचे, साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, आणि म्हणायचे, चला, जेवून घेऊ. मग टेबलाशी बसून प्रत्येकाने त्या दिवशी मिळालेल्या तीन गोष्टींबद्दल देवाचे आभार मानायचे. मोठ्याने. कान वाजत असताना, पोटरीवरून काहीतरी कोमट मोज्यात उतरत असताना मी म्हणायचो, देवा, जेवणाबद्दल आभार, आईबद्दल आभार, आणि तिसरी गोष्ट मला सुचायची नाही. अण्णा डोळे न उघडता सुचवायचे, "शिस्तीबद्दल." मी म्हणायचो, शिस्तीबद्दल. आई काहीच मोठ्याने म्हणायची नाही. बायकांनी मनात म्हटलं तरी चालतं, अशी अण्णांनी तिला सवलत दिली होती. तिचे ओठ हलत राहायचे. पुष्कळ वेळ हलायचे, आमचं झाल्यावरही.

मी नऊ वर्षांचा असताना त्यांनी तिचा उजवा हात मनगटातून मोडला. तेव्हाही उन्हाळा नुकता लागला होता. तिने न विचारता शेजारणीला आमची शिडी दिली होती, एवढंच. त्यांनी तिचा हात दाराच्या चौकटीवर धरला आणि दार ओढून घेतलं, एकदा, आणि तो मोडला की नाही हे बघायला थोडं उघडून, परत एकदा. हाड मोडतं तेव्हा आवाज होईल असं मला वाटलं होतं. आवाज आईचा झाला, तोही लहान, कुणीतरी पायावर पाय दिल्यावर होतो तेवढाच. दवाखान्यात अण्णाच बोलले. पायरीवरून पाय घसरला, म्हणाले, जरा धांदरट आहे. डॉक्टर हसले. अण्णाही हसले. मी आईच्या पदराशी उभा होतो आणि दोन पुरुष हसत असताना आपणही हसावं असं वाटून मीही हसलो. तो हात नीट जुळला नाही. अजून ती तवा दोन्ही हातांनी उचलते.

तर माझा हात दुसऱ्यांदा वर गेला होता आणि खाली आला नाही, कारण मध्ये मुंगी होती. ती किंचाळली नाही. ती खुर्चीवरून उतरली, माझ्याकडे पाठ करून आजोबांच्या समोर उभी राहिली आणि दोन्ही तळवे त्यांच्या त्या कानावर दाबून धरले, फुटलेल्या नळाला हात लावतात तसे. तिच्या बोटांच्या फटीतून रक्ताचा एक बारीक ओघळ मनगटाकडे आला. तिची वेणी माझ्या छातीपासून वीतभर होती. माझा हात वरच होता. तो खाली कसा आणायचा, कुठे ठेवायचा, हे मला कळेना. आई जागची उठली नव्हती. तिने कलिंगडातून चष्मा काढला, पदराने पुसला, काड्या मिटल्या आणि स्वतःच्या ताटाशेजारी ठेवला. म्हणाली, "दवाखान्यात न्यायला हवं."

माझं काचेचं दुकान आहे. खिडक्यांची तावदानं, आरसे, टेबलांच्या काचा कापून देतो. बघणाऱ्याला वाटतं हिऱ्याने काच कापली जाते. ती कापली जात नाही, तिच्यावर फक्त एक ओरखडा उठतो, दिसेल न दिसेल असा, आणि मग त्या ओरखड्याच्या दोन बाजूंना हात ठेवून दाबलं की ती त्या रेषेवर तुटते. पंचवीस वर्षं मी हेच करतोय, आणि गिऱ्हाइकं म्हणतात तुमचा हात फार हलका. मुंगी जन्मली तेव्हा मी तिला आठ दिवस उचललं नव्हतं. बायकोला वाटलं मला मुलगा हवा होता. मला माझ्या हातांची खात्री नव्हती. ती रडायला लागली की मी दुकानात जाऊन बसायचो. एकदा, ती तीन वर्षांची असताना, तिने हट्टाने ताट ढकलून दिलं आणि मला माझ्या तळपायापासून काहीतरी चढताना जाणवलं, ओळखीचं. मी दुकानामागच्या अंगणात गेलो आणि भंगाराला काढलेली एक अख्खी काच भिंतीवर फोडली, मग दुसरी, मग तिसरी. परत आलो तेव्हा ती झोपली होती. त्या रात्रीपासून मला वाटत आलं होतं की मी सुटलो. आपल्याकडे ते आहे, पण आपण ते भिंतीवर काढतो. तीन वर्षांपूर्वी आई-अण्णांना आमच्याकडे आणलं तेव्हाही मला तसंच वाटलं. अण्णा आजारपणातून उठले होते, बारीक झाले होते, आवाज सायीसारखा झाला होता. मुंगीला ते पत्ते लिहायला शिकवत, तिच्या पेन्सिलींना टोक काढून देत. जेवणाआधी आभार मानायची त्यांची रीत तिला फार आवडली. ती शाळेतल्या मैत्रिणींना सांगायची, आमच्याकडे रोज तीन गोष्टी मोजतात. तिच्या तीन गोष्टी खऱ्याच असायच्या, ऊन, मांजर, सुट्टी, आणि मी डोळे उघडे ठेवून त्या म्हाताऱ्याच्या मिटलेल्या पापण्यांकडे बघत बसायचो. माझा हात मांडीखाली दाबलेला असायचा. तीन वर्षं मी त्यांच्या तोंडून कबुलीच्या एका वाक्याची वाट बघत होतो. ते आलं, पण उलटं आलं.

दवाखाना जवळच होता, रविवारी उघडा असणारा तेवढा एकच. मुंगीला एकटी ठेवायला नको म्हणून तिलाही घेतलं. रस्त्यावर डांबर नरम झालं होतं. अण्णा माझ्या आणि आईच्या मधून चालले, कानावर घडी केलेला टॉवेल धरून, आणि समोरून येणाऱ्या ओळखीच्या बाईला त्यांनी मान लववून नमस्कार केला. बाकावर आमच्या आधी दोघं होते. मुंगी आजोबांशेजारी बसली, मी आईशेजारी. मला काहीतरी बोलायचं होतं आणि जे बोलायचं ते सोडून भलतंच तोंडातून आलं. मी तिला विचारलं की इतकी वर्षं जेवणाआधी ओठ हलवून ती कशाकशाचे आभार मानायची. आईने माझ्याकडे बघितलं नाही. समोरच्या भिंतीवर दात घासणाऱ्या मुलाचं चित्र होतं, त्याच्याकडे बघत ती म्हणाली, "आभार कशाचे मानणार? मी देवाला सांगायचे. आज कुठे लागलं, कशाने लागलं, किती वेळा. तुझं पण सांगायचे. रोज. कुणाला तरी माहीत असावं म्हणून."

माझ्या लहानपणीच्या सगळ्या जेवणांवर तिचे ते हलणारे ओठ होते, आणि मला वाटत आलं होतं की ती अण्णांच्या बाजूला आहे. मनातल्या मनात मी तिला त्यांच्यापेक्षा जास्त शिव्या दिल्या होत्या. तरुणपणी एकदा तिच्या तोंडावर म्हटलंही होतं की तुझ्या देवानेच त्याला माजवलं. बाकावर तिचा वाकडा हात तिच्या मांडीवर उताणा पडला होता, आणि मला तो हातात घ्यावासा वाटला, पण माझा स्वतःचा हात अजून चुरचुरत होता. तो हात तिला लावायची माझी हिंमत झाली नाही.

डॉक्टरीण तरुण होती, तिशीचीही नसेल. तिने कानात उजेड टाकून बघितलं, पडदा फाटलाय म्हणाली, बहुतेक आपणहून भरेल, पाणी जाऊ द्यायचं नाही. मग गालावर उमटलेल्या बोटांकडे बघून तिने विचारलं हे कसं झालं. आणि अण्णा हसले. ते हसू मी ओळखत होतो. ते म्हणाले, "पायरीवरून पाय घसरला. जरा धांदरट झालोय हल्ली."

अडतीस वर्षांपूर्वीचं वाक्य, जवळजवळ तसंच. ते मला वाचवत होते की मला काहीतरी दाखवत होते, मला समजलं नाही, अजूनही नाही. मला एवढंच दिसलं की मुंगी आजोबांकडे बघतेय, मग माझ्याकडे, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू एक प्रकारचं शहाणपण येतंय. तर हे असं असतं. असं म्हणायचं असतं. थोड्याच वेळात ती हसेल असं मला वाटलं. मी म्हणालो, "ते खोटं बोलतायत. मी मारलं."

डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं, परत उचललं. म्हणाली, तुम्ही असं सांगितलंत तर मला तसंच लिहावं लागेल. मी म्हटलं लिहा. तिने लिहिलं. लिहिताना पेनाचा होणारा आवाज त्या खोलीत फार मोठा वाटत होता. मग तिने खुर्ची अण्णांच्या चांगल्या कानाकडे सरकवली आणि त्यांना विचारलं, आजोबा, या घरात तुम्हाला सुरक्षित वाटतं का? अण्णा गोंधळले. त्यांनी आईकडे बघितलं. आयुष्यभर चष्मा सापडेना की जसं बघायचे तसं. आई पुढे झाली. तिने तो वाकडा हात डॉक्टरणीच्या टेबलावर, कागदाच्या अगदी शेजारी ठेवला. "मला हे कुणी विचारलं नव्हतं," ती म्हणाली. "माझं पण लिहून घ्या."

डॉक्टरणीने मनगट हातात घेऊन दाबून बघितलं. फार जुनं आहे, म्हणाली, चुकीचं जुळलंय, आता काही करता येणार नाही. करायला नको, आई म्हणाली, फक्त लिहा. आणि तिने सांगितलं, तारीख, वार, शिडी, दार, दोनदा. आवाज न चढवता, सवयीने, रोज म्हणत असल्यासारखं, आणि रोजच तर म्हणत होती. अण्णा टॉवेल कानाला धरून जमिनीकडे बघत बसले. एकदाच म्हणाले, मला काही आठवत नाही. "मला आठवतंय," आई म्हणाली, आणि पुढे सांगत राहिली. मुंगी सगळं ऐकत होती. मी तिला बाहेर न्यायला हवं होतं. मी नेलं नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत बायको घरी आली. मी तिला सगळं सांगितलं, ते सुख सोडून. तिने एवढंच विचारलं, मुंगी बघत होती? मी हो म्हटलं. ती बराच वेळ चेहरा धूत राहिली. बाहेर आली तेव्हा म्हणाली की उद्यापासून अण्णांचं आंघोळ-औषध ती किंवा आई करेल, मी नाही, आणि ती घरात नसताना मी त्यांच्या खोलीत जायचं नाही. मला राग आला नाही. कुणीतरी कुंपण घालतंय याचं उलट बरं वाटलं. तिच्यासमोरच मी अण्णांच्या खाटेशी गेलो आणि म्हणालो की मी मारायला नको होतं. ते उशीला टेकून पडले होते, कवळी काढलेली, गाल आत गेलेले, एका बाजूला माझी चार बोटं निळी पडत चाललेली. त्यांनी मला नीट, वेळ घेऊन न्याहाळलं, अर्धवट पत्त्याचं पाकीट हातात घेतल्यासारखं. मग म्हणाले, "तुझा हात माझ्यापेक्षा हलका आहे."

मी बाहेर येऊन स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभा राहिलो. त्यांना सगळं आठवत होतं. प्रत्येक वळ, प्रत्येक वार, वजनासकट. आणि त्या आठवणीसकट ते रोज डोळे मिटून आभार मानत होते. मला परत आत जावंसं वाटलं. खरं सांगायचं तर मला उशी दिसत होती, त्यांच्या डोक्याखालची, तिचा अभ्रा, त्यावरची निळी फुलं. ती उशी किती सहज ओढता येईल हे माझ्या हातांना आधीच कळलं होतं. मी ओट्याची कड इतकी घट्ट धरली की नखं पांढरी पडली. बाजूच्या खोलीत आई स्वतःची गादी गुंडाळत होती. त्या दिवसापासून ती मुंगीच्या खोलीत झोपायला लागली, पंचावन्न वर्षांच्या संसारानंतर, कुणालाही न विचारता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुंगी टेबलाशी अभ्यास करत होती. उकडत होतं. तिच्या डोक्यावर भिंतीला पंख्याचं बटण आहे, ते लावायला मी तिच्या मागून हात वर केला. तिचा खांदा कानापर्यंत गेला. पेन्सिल हातातून पडली. पंखा सुरू झाला आणि वहीची पानं फडफडायला लागली, आणि ती समोर बघत, फार नम्रपणे म्हणाली, "थँक यू, बाबा." आमच्या घरात पंखा लावल्याबद्दल कुणी कुणाला थँक यू म्हणत नाही. मी टेबलाच्या पलीकडे जाऊन बसलो आणि दोन्ही हात तिला दिसतील असे टेबलावर ठेवले. माझ्या वडिलांनी आईला काय केलं ते तिने ऐकलंच होतं, मला काय केलं तेही मी थोडक्यात सांगितलं. पट्टीचं सांगितलं, आभारांचं सांगितलं. त्यामुळे मी केलं ते बरोबर ठरत नाही, हेही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "परत मारणार का कुणाला?"

नाही, मी म्हटलं.

"तुम्हाला कसं माहीत?"

आदल्या संध्याकाळी मला उशी दिसली होती. तिच्या डोळ्यांत बघून वचन देणं सोपं होतं, अण्णांनी आईला अशी किती दिली असतील. मी म्हणालो, "माहीत नाही. आजचं मला माहीत आहे. आज नाही मारणार. उद्याचं तू उद्या विचार."

तिने विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत निघताना, दाराशी, बूट घालता घालता मान वर न करता म्हणाली, "आज?" मी थांबलो, खरंच आत डोकावून बघितलं, आणि म्हणालो, आज नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी परत. कधी मला लगेच म्हणता यायचं, कधी वेळ लागायचा. एकदा, अण्णांनी आईला चहा गार झाला म्हणून कपाळाला आठी घालून बघितलं होतं त्या सकाळी, इतका वेळ लागला की ती बूट घालून होऊनही उभीच राहिली, माझ्या तोंडाकडे बघत. पण तिने घाई केली नाही. अण्णांचा कान भरला. ऐकू थोडं कमी येतं. जेवणाआधी ते आता मोठ्याने काही म्हणत नाहीत, त्यांचे नुसते ओठ हलतात, आणि आई सरळ जेवायला सुरुवात करते.

ऊन रोज थोडं आधी गॅलरीत यायला लागलं. शाळेचे शेवटचे दिवस राहिले होते. एका सकाळी मुंगीला उशीर झाला, वेणी अर्धी, तोंडात घास, एक बूट सापडेना, तो मिळताच ती दार उघडून धडाधड जिना उतरून गेली. मी दाराशी उभा होतो. माझ्याकडे त्या दिवसाचं उत्तर तयार होतं. तिने विचारलंच नव्हतं. खालच्या मजल्यावरून तिच्या पायांचा आवाज येत होता, आणि मला एकदम वाटलं की कुणाचे तरी, कुणाचेही, तिथल्या तिथे आभार मानावेत. तेवढ्यात तिची पाण्याची बाटली दाराजवळच्या बाकावर राहिलेली दिसली. ती घेऊन मी अनवाणी खाली धावलो. फाटकाशी तिला गाठलं, मागून तिच्या खांद्यावरून हात पुढे केला. तिने न बघताच बाटली माझ्या हातातून खेचून घेतली, आभार-बिभार काही न मानता, आणि उन्हात पळत सुटली.